चहूकडे पाणी, मधात विहीर

आम्ही वर्षातून एक रात्र टापूवर काढतो आणि उरलेलं वर्ष तिच्याबद्दल बोलण्यात घालवतो! स्टाफरूमच्या कपाटात खडूचे डबे ठेवायला जागा नाही, पण टापूचे किस्से मात्र दर जानेवारीत आणखी दोन-तीन मावतात. नवीन शिक्षक जॉइन झाला की त्याला टाइमटेबल नंतर मिळतं, किस्से आधी. तुम्हालाही सांगतो, फक्त माणसं ओळखून घ्या.

आम्ही अमरावतीच्या एका शाळेतले चौघं. मी विज्ञान शिकवतो. इंगोले सर पीटीचे, म्हणजे आपोआपच मोहिमेचे कॅप्टन. गावंडे सर इंग्रजीचे, मूळचे अकोल्याचे. कोणतीही वस्तू ऑनलाइन मागवल्याशिवाय ती चांगली असते यावर त्यांचा विश्वास नाही. चौथे राऊतभाऊ, शाळेचे हेडक्लार्क.

टापू म्हणजे तिवश्याहून आत वळल्यावर धरणाच्या पाण्यात उरलेलं एक टेकाड. जायला रस्ता नाही, पूल नाही. शालिकभाऊंचा डोंगा आहे, तेवढाच. शालिकभाऊ तिथं मासे धरतात. आम्हाला सकाळी सोडतात आणि दुसऱ्या दिवशी घ्यायला येतात.

* * *

पहिल्या वर्षी गावंडेंनी "थ्री पर्सन" टेंट मागवला. इंगोले सर आत जाऊन आडवे झाले, तर टेंट भरला!

"बाकीचे दोन पर्सन कुठे झोपतात?" मी विचारलं.

"फोटोत तर तिघं होते," गावंडे म्हणाले.

पण खरी गंमत खुंट्यांची. पाणी उतरून मोकळ्या झालेल्या काळ्या जमिनीवर आम्ही जागा निवडली होती. सपाट, मऊ, समोर पाणी. जानेवारीत काळ्या मातीला भेगा पडतात हे आम्हा तिघांनाही लहानपणापासून माहीत. पण टेंटच्या पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून आम्हीही विसरलो. इंगोलेंनी पहिली खुंटी ठोकली, ती दोन ठोक्यांत गडप. दुसरी एकाच ठोक्यात. बारापैकी नऊ खुंट्या जमिनीनं गिळल्या, तेव्हा कॅप्टन पालथे पडून खांद्यापर्यंत हात भेगेत घालून बसले होते.

शालिकभाऊ डोंगा वळवता वळवता थांबले. म्हणाले, "राहू द्या, सर. पाणी पडलं का माती मिटन. मंग उगवतीन खुट्या!"

पुढच्या वर्षी आम्ही जाऊन पाहिलं. उगवल्या नव्हत्या.

* * *

आता राऊतभाऊ. या माणसानं टापूची सगळी तयारी करायची. कणीक, वांगी, मीठ-तिखट, दोरी, टॉर्च, उदबत्त्यासुद्धा. गाडीत आमच्यासोबत काठापर्यंत यायचं, एकेक पिशवी डोंग्यात चढवून द्यायची आणि मग बाभळीखाली उभं राहायचं. डोंग्यात पाय ठेवायचा नाही. आम्ही दिसेनासे झालो की जवळच्या नव्या वस्तीत चुलतभावाकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी परत बाभळीखाली हजर!

पाण्याची भीती. तीही साधी नाही, शाळेच्या टाकीत डोकावायचं असलं तरी ते शिपायाला पाठवतात.

"भाऊ, पोहायला काहून नाही शिकले?" इंगोलेंनी एकदा विचारलं.

"शिकाचं कुठी? आमच्या गावात पोहाले पाणी होतं कुठी?"

ते गाव आज कुठे आहे, तर त्याच धरणाखाली. इंगोले म्हणाले, "मग आता आहे की, भाऊ! आता शिका!"

आम्ही हसलो. राऊतभाऊ पिशव्या मोजत राहिले.

* * *

एका वर्षी राऊतभाऊंना ताप आला आणि तयारी गावंडेंकडे गेली. टापूवर आमचा एकच मेनू असतो. रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. गॅसवर ते होत नाहीत, आणि झाले तरी वऱ्हाडी माणूस त्यांना रोडगे म्हणत नाही.

टापूवर उतरल्यावर इंगोलेंनी कणीक मळली, वांगी चिरली आणि हाक मारली, "गोवऱ्या आणा!"

गावंडेंनी बॅगेतून एक खोका काढला. खोक्यात पारदर्शक कागद, कागदात सहा गोवऱ्या. बिस्किटाएवढ्या. वर इंग्रजीत छापलेलं, पूजेसाठी शुद्ध.

"रेटिंग चांगलं होतं," गावंडे म्हणाले.

त्या सहा गोवऱ्यांवर आम्ही तिघांनी मिळून एक रोडगा भाजला. तोही एकाच बाजूनं. दुसऱ्या दिवशी काठावर राऊतभाऊ तापातून उठून आलेले, मफलर गुंडाळून. त्यांनी खोका हातात घेतला, वळवून वळवून पाहिला.

"सर, हे गाय लयच लहान असन!"

* * *

टापूवर एक विहीर आहे. चहूकडे पाणी आणि मधात विहीर! पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. ज्यानं खोदली त्याला काय सुचलं असेल, असं मीच म्हणालो. परत आल्यावर स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणालो.

राऊतभाऊ हजेरीपट घेऊन दारात उभे होते.

"माह्या बापानं खोदली," ते म्हणाले.

ते टेकाड म्हणजे त्यांचं शेत. गाव खाली, शेत वर, पाणी कुठंच नाही. त्यांच्या वडिलांनी चार उन्हाळे विहीर खोदली. पंचेचाळीस हात. नुसता दगड. तिकडे रिवाज असा की विहिरीला पाणी लागलं की गावभर गूळ वाटायचा. वडिलांनी पहिल्याच उन्हाळ्यात गुळाची भेली आणून शिंक्यात टांगून ठेवली. मग गावाला खेळच मिळाला. वडील खांद्यावर कुदळ टाकून निघाले की पारावरून कोणीतरी विचारणारच, "गूळ कवा?"

भेलीला मुंग्या लागल्या. मग धरण आलं, गाव उठलं. वडील नव्या वस्तीत गेले आणि तिथंच वारले. विहीर कोरडीच राहिली.

"पण भाऊ, आता भरलेली आहे! काठोकाठ!" मी म्हणालो.

राऊतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, सबन गावानं माह्या बापाची मजाक केली. तुमी तरी नका करू."

मी खरं बोलत होतो हो! पण एरवी त्यांची इतकी टिंगल केली होती की खरं बोलायला तोंडच उरलं नव्हतं. मला मनापासून वाईट वाटलं. त्या दिवसापासून आमच्या मोहिमेचं काम बदललं. रोडगे नंतर, आधी राऊतभाऊंना टापूवर न्यायचं आणि विहीर दाखवायची.

* * *

आधी सोपा उपाय करून पाहिला. फोटो दाखवला. राऊतभाऊंनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "हे दुसरी असन."

मग गावंडे म्हणाले, व्हिडिओ कॉल करू, लाइव्ह! टापूवर नेटवर्क फक्त एका जागी मिळतं, विहिरीच्या कठड्यावर, तेही उभं राहून. गावंडे कठड्यावर चढले, इंगोलेंनी त्यांचा पट्टा मागून धरला, मी इंगोलेंना धरलं. काठावर राऊतभाऊंनी फोन उचलला.

"भाऊ, दिसतं का?"

"तुमच्या नाकातले केस दिसून राह्यले."

गावंडेंनी फोन फिरवला. आभाळ दाखवलं, कठडा दाखवला, त्यावरचं पिंपळाचं रोप दाखवलं. "हे रोप होतं!" राऊतभाऊ ओरडले. आवाज एकदम बदललेला. आता गावंडेंनी फोन हळूहळू विहिरीकडे खाली नेला. आणि नेटवर्क गेलं! कठड्याच्या वर रेंज, कठड्याच्या आत नाही. पाच वेळा केलं. पाचही वेळा पाणी यायच्या आधी स्क्रीनवर गोल फिरायला लागलं.

संध्याकाळी मेसेज आला. "रोप पाहिले. पाणी दिसले नाही. आभारी आहे."

* * *

मग इंगोले कोच झाले. म्हणाले, भीती टप्प्याटप्प्यानं काढायची असते. पहिला टप्पा, डोंगा जमिनीवर ओढून घ्यायचा आणि राऊतभाऊंनी त्यात नुसतं बसायचं. पाणी दहा फूट लांब.

राऊतभाऊ बसले. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरले. पाच मिनिटांनी एक हात सुटला, दहा मिनिटांनी दुसरा. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तिथंच डबा उघडला, पोहे खाल्ले, पाणी प्यायले, पेपर काढला.

तासाभरानं शालिकभाऊ आले. "सर, यायले उतरवा ना आता. मले जाळे टाकाले जाचं हाये!"

दुसरा टप्पा, डोंग्याचं टोक फक्त चार बोटं पाण्यात. टोक पाण्याला टेकलं आणि राऊतभाऊ बाभळीखाली! मधलं अंतर त्यांनी कधी कापलं ते आमच्यापैकी कोणालाच दिसलं नाही. इंगोले आजही सांगतात की शाळेच्या शंभर मीटरच्या रेकॉर्डपेक्षा ते जलद होतं.

* * *

आता या वर्षीचं. येत्या मार्चमध्ये राऊतभाऊ रिटायर होतात. यंदा नाही तर कधीच नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

पहाटे त्यांना घ्यायला घरी गेलो तर ते फाटकात उभे. स्वेटरवर लाइफ जॅकेट! सगळे पट्टे आवळलेले. मागून वहिनी म्हणाल्या, "सकाळी चार वाजतापासून घालून बसले हायेत. अंघोळ तेवढी त्याच्याआधी केली."

अमरावती ते तिवसा ते त्याच्यातच आले. तिवश्याच्या टपरीवर चहा त्यातच घेतला. चहावाल्यानं विचारलं, "पूर आला का कुठी?" राऊतभाऊंनी एक पट्टा आणखी आवळला.

काठावर त्यांनी नेहमीसारख्या सगळ्या पिशव्या चढवून दिल्या. मग आमच्याकडे न पाहता डोळे मिटले आणि म्हणाले, "हात धरा."

आम्ही तिघांनी आणि शालिकभाऊंनी मिळून त्यांना डोंग्यात बसवलं. राऊतभाऊंचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते. निम्म्यात आल्यावर शालिकभाऊ हळूच म्हणाले, "भाऊ, आता आपून गावाच्या वर हावो."

"कोणाच्या घरावर?" डोळे मिटूनच प्रश्न.

"मारोतीच्या देवळावर."

राऊतभाऊंनी एक हात सोडला, खाली वाकून दोन्ही चपला काढल्या आणि मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळानं शालिकभाऊ म्हणाले, "गेलं देऊळ." तेव्हा त्यांनी त्या परत घातल्या.

टापूला डोंगा लागला. त्यांनी डोळे उघडले आणि आम्हाला कोणालाच न विचारता सरळ चालू लागले. आम्ही सात वर्षं जो रस्ता झुडपांतून शोधत जातो, तो त्यांना पाठ होता. विहिरीजवळ गेले. कठड्याला हात लावला. आत पाहिलं नाही, आधी बसले. मग वाकले आणि हात आत घातला. कोपरापर्यंत बाही भिजली.

आम्ही मागे उभे होतो. मला रडू येत होतं, ते मी लपवलं नाही. राऊतभाऊंनी ओला हात तोंडावरून फिरवला. मग लाइफ जॅकेटचे पट्टे एकेक करून सोडले, आत हात घातला आणि सदऱ्याच्या खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली.

गूळ होता.

इंगोलेंना दिला, गावंडेंना दिला, मला दिला. मग डोंग्याशी गेले, दोर बांधत असलेल्या शालिकभाऊंच्या हातावर एक खडा ठेवला.

"कायचा गूळ व्हय, भाऊ?" शालिकभाऊंनी विचारलं.

"बाबाच्या विहिरीले पाणी लागलं."

शालिकभाऊंनी मान वळवून चहूकडे पसरलेल्या धरणाकडे एकदा पाहिलं. मग डोक्याचा दुपट्टा काढला आणि गूळ तोंडात टाकला.