विसात एक कमी

"एक कमी हाय." दारात काठी आडवी धरून आजी एवढंच म्हणायची, आणि निघालेली पोरं परत आत वळायची.

मेंढरं वाड्यात शिरताना तुम्ही पाहिली असतील. दाराशी काठी आडवी असते, खालून एकेक मेंढरू जातं आणि मोजणी विसाविसांनी चालते. आजीचा जन्म त्यातच गेला होता. म्हातारपणी ती परभणीजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात राहायला आली. तिथं मी हजेरीची वही ठेवतो. दर शनिवारी सकाळी एका शाळेची मुलं तासभर वाजवायला येतात. चार पेट्या, दोन तबले, एक ढोलकी, बारा बासऱ्या. एकूण एकोणीस.

"आजी, एकोणीस आली, एकोणीसच चालली," मी वही दाखवायचो.

"एकोणिसाचा कुठं कळप असतोय का, वहीवाले? इसात एक कमी हाय. ते येईस्तोर वाजवा रं."

विसावं मूल नव्हतंच. त्यामुळे ते येईपर्यंत पुष्कळ वाजायचं. आजी काठीनं ठेका धरायची आणि तो नेहमी तबल्याच्या पुढे पळायचा.

"आजी, जरा हळू की," तबलेवाली पोरगी कुरकुरायची.

"तूच पळ. मेंढरामागं हळू चालून भागतंय व्हय?"

एकदा पोरांनी चावटपणा केला. काठीखालून बाहेर पडायचं, स्वयंपाकघराच्या दारानं आत यायचं, परत रांगेत. आजी मोजतेय, एक इसा, दोन इसा, तीन इसा. "काय रं, दारातच व्याली का काय सगळी?" वही कधीच खाली न ठेवणारा मी भिंतीला टेकून हसत होतो. त्या दिवशी मुलं शाळेत पाऊण तास उशिरा पोचली.

पुढच्या शनिवारी मुख्याध्यापक स्वतः आले. "पालक गेटवर खोळंबायलेत. आजपासून हे बंद," त्यांनी दारातच मला सांगितलं. पोरांनी मुकाट्यानं पेट्या मिटल्या.

आजीनं ते ऐकलं होतं. ती उठली, काठी धरली, मोजू लागली. एकोणिसावं पोर खालून गेलं आणि काठी सरांच्या छातीला टेकली.

"भरला इसा. कुठं हिंडत होतास रं इतके दिस?"

पोरं फिदीफिदी हसत परत आत आली. आजीनं सरांच्या हातात टाळ दिले. सरांनी ते इतके बेताल वाजवले की हसू आवरेना आणि बासऱ्यांतून नुसती फुंकर निघू लागली.

"पुढच्या खेपेला साडेअकराला म्हणजे साडेअकरालाच निघायचं," घाम पुसत सर म्हणाले.

"आता कशाला अडवू? समदी हायेत की."

तिनं शब्द पाळला. सर दर शनिवारी आले, आणि साडेअकराला काठी आपोआप वर गेली.

गेल्या महिन्यात आजी गेली. त्यानंतरच्या शनिवारी वाजवून झाल्यावर तबलेवालीनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि दारात आडवी धरली. तिच्याबरोबर मीही मोजलं. सरांसकट वीस.

"भरले," मी म्हणालो.

पोरीनं काठी उचलली नाही. "एक कमी हाय."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग टाळ घेतले. सगळे आत वळले. त्या दिवशी तबला जो पळत सुटला, तो कुणालाच आवरला नाही.