माळावर वाहून नेलेलं रान

आमची नदीकाठची जमीन धरणाच्या पाण्याखाली जाणार हे माझ्या लग्नाआधीच ठरलेलं होतं. माझ्या वडिलांना ते माहीत होतं. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं भांड्यांचं दुकान होतं. तिथल्या गादीवर बसून ते आईला म्हणाले होते, "जमीन जाईल, पण माणसं कष्टाची आहेत." एवढ्यावर मी भीमेकाठच्या त्या घरात सून म्हणून गेले. घरात आम्ही चौघंच होतो: सासरे, सासूबाई, माझे यजमान आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस होती.

आणीबाणी उठली त्याच्या आसपासची ही गोष्ट. नवी जमीन मिळाली ती वर माळावर. ती बघायला आम्ही बैलगाडीतून गेलो. मामांनी कुदळ मारली तर ती ठणकन आपटून हातातून उडाली. वीतभर माती, तीही पिवळट, आणि खाली नुसता मुरूम. कुसळाच्या गवताशिवाय तिथं काही उगवलेलं नव्हतं. मामा बराच वेळ उकिडवे बसून ती माती चिमटीत घेऊन चोळत राहिले. परतीच्या वाटेवर खाली आमच्या रानापाशी गाडी आली तेव्हा ते उतरले, काळ्याभोर मातीचं एक ढेकूळ उचलून त्यांनी गाडीत ठेवलं आणि म्हणाले, "रान जातंय तर जाऊ दे. माती कशाला जाऊ द्यायची?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही माती वाहायला लागलो.

सगळं रान काही नेता येणार नव्हतं. मामांनी माळावर उभारलेल्या नव्या झोपडीलगतचा अंगणाएवढा तुकडा आखला आणि तेवढ्यावर हातभर जाडीचा थर घालायचा ठरवलं. उन्हाळाभर तेच काम चाललं. रानातला वरचाच थर खोदायचा, कारण जीव असतो तो वरच्या थरात, खालच्यात नाही. उकिरड्यातलं कुजलेलं खतही त्याच गाडीतून जायचं. बाकीची मंडळी घराच्या तुळया, दारं, पत्रे नेत होती आणि आम्ही माती नेत होतो. वाटेत भेटणारे हसायचे. एकानं तर विचारलं, "पाटी भरून नदीबी घेता का?"

माझ्या यजमानांना ते फार लागायचं. एका संध्याकाळी त्यांनी पाटी फेकून दिली. "मानसं काय म्हनत्यात ऐकलं का तुमी? येडं झालंय म्हनत्यात घर."

मामा शांतपणे म्हणाले, "म्हनू दे की. पुढल्या साली भाकरी त्यांच्या तोंडानं खायची हाय का आपल्या?"

यजमान निघून गेले. पण सकाळी गाडी जुंपायला तेच आधी उठले होते.

पावसाळा लागला आणि एका दुपारी माळावर असा पाऊस कोसळला, की अर्ध्या तासात आमच्या तुकड्याच्या उतरत्या बाजूची माती ओघळीतून वाहून गेली. पाऊस थांबल्यावर आम्ही बाहेर आलो. वर धुतलेला मुरूम दिसत होता आणि खाली लांबवर काळा पट्टा पसरला होता. उन्हाळाभराचं काम होतं ते. मी रडायला लागले. आत्या मात्र पदर खोचून ओघळीत उतरल्या आणि दोन्ही हातांनी चिखल पाटीत भरू लागल्या. "रडून काय व्हनार? उतर खाली, पाटी धर."

त्या दिवशी आम्हाला कळलं, की माती आणणं पुरेसं नाही, तिला धरून ठेवायला हवं. माळावर दगडांना तोटा नव्हता. आम्ही उताराला आडवा दगडांचा बांध घातला, फटींत लहान खडे ठोकले. पण गेलेली माती सगळी परत आली नव्हतीच. तेव्हा यजमान आपणहून म्हणाले, "खाली अजून हाय माती. पानी चढायच्या आत आनू या."

शेवटच्या खेपेला मीही गेले. पाणी लोंढ्यासारखं येईल असं मला वाटलं होतं. ते तसं आलं नाही. सरीसरीतून हळूहळू पुढे सरकत होतं, कुणी पोतेरं फिरवावं तसं. त्याच्यापुढे जमिनीतले सगळे जीव पळत होते. रातकिडे, मुंग्या, गोगलगाई, विंचू बांधावर चढत होते, गांडुळं वळवळत वर येत होती आणि बगळ्यांचा थवा पाण्याच्या कडेनं चालत त्यांना टिपत होता. आमच्या मातीनं वर्षानुवर्षं पोसलेलं ते सगळं एका दिवसात बगळ्यांच्या पोटात चाललं होतं. मामांनी दोन पाट्या भरून गांडुळं आणि भोवतालचा चिखल गाडीत टाकला. मग चप्पल काढून घोटाभर पाण्यात क्षणभर उभे राहिले आणि बैलांना हाक घातली.

त्या रब्बीला आम्ही त्या तुकड्यावर ज्वारी पेरली. ती उगवली, गुडघ्यापर्यंत आली आणि पिवळी पडून तिथंच थांबली. कणसं आली ती बोटाएवढी. यजमानांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मामा म्हणाले, "खाली दरसाल नदी गाळ आनून घालायची. हितं ह्या मातीला कोन घालनार?"

मी शाळेत शिकलेली एक गोष्ट तेव्हा मनात घोळत होती. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर सूर्य, गवत, शेळी आणि माणूस काढून बाण जोडले होते. त्या म्हणाल्या होत्या, उन्हाची शक्ती पानात शिरते, पानातून जनावरात, जनावरातून आपल्यात, आणि प्रत्येक पायरीला तिच्यातली बहुतेक उष्णता होऊन उडून जाते. ती परत मिळत नाही, पण सूर्य रोज नवी देतो. मातीतल्या सत्त्वाचं तसं नाही. ते जेवढं आहे तेवढंच. ते पिकात चढतं आणि पाला, शेण, राख होऊन परत मातीत उतरलं तरच पुढच्या पिकाला मिळतं. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे सगळं मी आता चुलीपुढे बसून आठवत होते, आणि चुलीत आमच्या तीन जनावरांच्या शेणाच्या गोवऱ्या जळत होत्या.

"आत्या," मी म्हणाले, "शेण चुलीत घालायचं बंद करू या. सगळं रानात जाऊ दे."

आत्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी त्यांचा संसारच मोडायला निघाले होते. "आनि भाकरी कशावर भाजू? माज्या हातावर? ह्या माळाला काटकी तरी दिसती का कुटं?"

"जळण मी आणीन."

"कुटनं आनशील?"

ते मलाही माहीत नव्हतं. पण बोलून गेले होते, आणि मागे घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

सोलापूरला माहेरी गेले तेव्हा शेजारच्या घरात भुशाची शेगडी पाहिली. पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. मधे बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली उपसायची आणि खालून पेटवायचं. लाकडाच्या वखारीतला भुसा गावी नेणं काही परवडणारं नव्हतं. पण आमच्या वाटेवर शेंगतेलाची एक गिरणी होती आणि तिच्यामागे शेंगांच्या टरफलांचा डोंगर साठलेला असायचा. टरफलांत जळण्यासारखं पुष्कळ असतं, मातीला देण्यासारखं थोडं. शेणाचं नेमकं उलट. मला तेवढं पुरेसं होतं. आईनं आमच्या घरच्या कानडीत विचारलं, वेड लागलंय का तुला? भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी डबा घेऊन एसटीत चढली तेव्हा कंडक्टरही हसला.

पहिल्या दिवशी झोपडी धुरानं भरली आणि भाकरी एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं कच्ची निघाली. आत्या खोकत बाहेर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग माझ्या लक्षात आलं, की टरफलं तशीच भरली तर मधे पोकळी राहते. ती अंगणात पसरून मी पायांनी तुडवली, उरलेली उखळात कुटली आणि दाबून भरली. शेगडी निळसर जळू लागली. आत्या बऱ्याच वेळानं आत आल्या, तवा ठेवला आणि भाकरी थापली. ती टम्म फुगली. दुसऱ्या दिवशी गोठ्यातलं शेण त्यांनी गोवऱ्या थापायला बसण्याऐवजी रानाकडेच्या खताच्या खड्ड्यात नेऊन टाकलं.

त्यानंतर आमच्या घरातून वाया जाणारं काही राहिलंच नाही. खरकटं पाणी, राख, म्हशीच्या दावणीतला उरलेला कडबा, केराची पाटी, सगळं त्या खड्ड्यात. गिरणीतून टरफलांची पोती डोक्यावरून आणताना माझी मान अवघडायची. पण मी एकदाही गोवरी पेटवली नाही.

पुढच्या पावसाळ्यात मामांनी त्या तुकड्यावर ताग पेरला. ताग डोक्याबरोबर वाढला आणि पिवळ्या फुलांनी भरला. माळावर मैलभरात दुसरं काही इतकं हिरवं नव्हतं. आणि मग मामा म्हणाले, "आता गाडायचा."

या वेळी आत्या आडव्या आल्या. म्हशीला वैरण अपुरी होती आणि समोर हिरवंगार उभं होतं. "जितं पीक मातीत घालायचं? पाप हाय हे. म्हस बघा की, तिची हाडं निगाल्यात."

मामांचा आवाज खाली आला. "म्हशीला घातलं तर म्हस जगंल. मातीला घातलं तर समदीच जगू. म्हशीला मी बघतो."

त्यांनी नांगर धरला. यजमान पुढे ताग आडवा करत गेले, मी आणि आत्या मागून तासात पाला दाबत गेलो. आत्या दाबताना रडत होत्या, पण हात थांबवला नाही. त्या महिनाभर मामा रोज पहाटे पाण्याच्या काठाकडे चालत जाऊन डोक्यावर हरळीचा भारा आणत. म्हैस जगली.

हस्ताच्या ओलीवर आम्ही ज्वारी पेरली. ती गुडघ्याशी आली तेव्हा आम्ही सगळेच रोज सकाळी बांधावर जाऊन बघत होतो. ती पिवळी पडली नाही. संक्रांतीला खांद्याला लागली. पानं इतकी काळपट हिरवी, की आत्या त्यांना उगाचच हात लावून यायच्या. कणसं भरली. खळं झालं तेव्हा धान्य काही फार नव्हतं, तुकडाच केवढा तो! पण महिनाभराच्या भाकरी आमच्या स्वतःच्या होत्या, आणि कडब्याची एक लहानशी गंज लागली.

यजमान खळ्यावरून उठले ते तसेच वरच्या अंगाला गेले आणि दोरी धरून नवा तुकडा आखू लागले. मी म्हणाले, "अहो, आता माती कुठली आणणार? खालचं सगळं पाण्यात आहे."

"आनायची न्हाय," ते म्हणाले. "हितंच करायची."

त्या तुकड्याला जास्त वेळ लागला. आधी बांध, मग नुसता हुलगा, मग ताग, मग खड्ड्यातलं खत, पुन्हा ताग. एका वर्षी तर काहीच आलं नाही आणि आम्ही पुन्हा खत घातलं. शेवटी तिथंही ज्वारी उभी राहिली, नदीच्या मातीचं एक ढेकूळही न घालता. आत्यांनी तिथलं पहिलं कणीस हातावर चोळलं, फुंकर मारून दाणे पाखडले आणि आधी मामांच्या, मग माझ्या हातावर ठेवले.

"खा," त्या म्हणाल्या. "माळाची हाय."