दानशूराचं चरित्र

पिरनवाडीच्या शाळेचा वर्धापनदिन होता आणि संस्थेच्या अध्यक्षांना एका अमेरिकन पुढाऱ्याच्या चरित्रावर भाषण हवं होतं. हा गृहस्थ दीडशे वर्षांपूर्वीचा. कापडाच्या गिरण्या काढल्या, निवडून आला, कॉलेजं आणि वाचनालयं बांधली. अध्यक्षांनी त्याच्याविषयी कुठंतरी वाचलं आणि आपला जुळा भाऊच सापडल्यागत त्यांना झालं. मी बेळगावात इतिहास शिकवतो, म्हणून आयता तावडीत सापडलो.

मला तो अमेरिकन आवडत नव्हता आणि अध्यक्ष तर मुळीच नाहीत. माझी आक्का त्यांच्या शाळेत केस पांढरे होईपर्यंत टेंपररी म्हणून शिकवत होती. जूनमध्ये नेमणूक, परीक्षा संपल्या की हातात नारळ. आता रिटायरमेंट जवळ आली होती. यंदा कायम झाली नाही तर पुढं काही मिळणार नव्हतं.

"चार शब्द गोड बोल रं," ती म्हणाली. "लई वर्सं वाट बघितलीया."

"संक्रांत हाय व्हय गोड बोलायला?" मी म्हणालो. ती हसली नाही.

गोड बोलायचं ठरवूनच मी उभा राहिलो होतो. पण समोर नवा फेटा बांधून बसलेले अध्यक्ष दिसले आणि माझं डोकं फिरलं. पगार वाढवून मागणाऱ्या मजुरांना या दानशूरानं ऐन थंडीत गिरणीच्या चाळीतून बाहेर काढलं आणि त्याच वर्षी अनाथाश्रमाला देणगी दिली, हे मी सांगून टाकलं. "याला दान म्हणत नाहीत. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात."

आक्का मान खाली घालून बसली होती. अध्यक्ष मात्र हसत उठले आणि त्यांनी माईक घेतला.

"तो अमेरिकन असंल तसला. मी तसा न्हाय. सरांच्या आक्काला आज हितंच कायम करतो. माझ्याकडनं भेट समजा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या हक्काचीच नोकरी त्या माणसानं तिला दान केली होती, तीही माझ्या भाषणाच्या जोरावर. त्याचा फेटा उचलून फेकावासा वाटला.

आक्काला वर बोलावलं. अध्यक्ष तिच्यापेक्षा वयानं बरेच लहान. त्यांच्या दोन्ही मुलींना तिनंच मुळाक्षरं शिकवलेली. पदर सावरत ती वाकली आणि तिनं त्यांच्या पायांना हात लावला.

त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.