हात पिठात असताना

आमच्या भावोजींच्या बेकरीत एखादा अल्बम पास झाला, की त्याला पिठाच्या पोत्यांवरच्या फळीवर जागा मिळते. नापास झाला, की ज्याचा त्याला परत, वर एक ताजा पाव फुकट, समजूत काढायला. फळी हातभर लांब आहे आणि इतक्या वर्षांत ती अर्धीसुद्धा भरलेली नाही. पाव घेऊन परत गेलेली माणसं मात्र प्रत्येक गल्लीत सापडतील, आणि त्यातली निम्मी अजून भावोजींच्या नावाने बोटं मोडत असतील.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते आत पाव करतात, मी बाहेर गल्ल्यावर बसते. माणूस मोठा आहे असं मी म्हणणार आहे, पण आधीच सांगते, त्यांच्याशी माझं रोज एकदा तरी वाजतं.

पास-नापासाचा नियम साधा आहे. दुपारी फुगलेलं पीठ टेबलावर पडलं, की रेकॉर्ड लागते. भावोजी गोळे तोडतात, वळतात, पत्र्यावर मांडतात. त्याच वेळी आधी वळलेला पाव शेजारच्या भट्टीत भाजत असतो. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्यांना एकदाही सुई उचलावीशी वाटली नाही, तर अल्बम पास. बाकी कुठली परीक्षा नाही. नाव कोणाचं, बक्षिसं किती, जगाने काय म्हटलं, काही विचारत नाहीत. एकच गाणं नको वाटलं तरी अख्खा अल्बम बाद. "आठ गाणी झकास आहेत हो," असं कोणी काकुळतीला येऊन म्हणालं, तर म्हणतात, "आणि नवव्याला मी काय करू? हात पिठात आहेत माझे."

हा नियम त्यांचा नव्हेच. तो माझ्या ताईचा.

लग्न नवीन होतं. बेकरीत एक जुना प्लेअर होता आणि एकच रेकॉर्ड. तिच्यातलं एक गाणं भावोजींना मुळीच सोसायचं नाही. ते यायचं, हे धावायचे, आणि एकदा तशाच चिकट हातांनी त्यांनी सुई उचलली. पीठ सुईला, पीठ रेकॉर्डला, वाळून घट्ट. ताईने जो तोंडाचा पट्टा सोडला तो समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून ऐकला. "उठायला लावणारी गाणी इथे लावायचीच कशाला? एकदा हात पिठात घातले की शेवटपर्यंत बसवेल असं असेल तर लावा, नाहीतर नुसता पाव करा!" तेव्हापासून तो कायदा झाला.

माझी ताई होतीच तशी. हळू बोलणं तिला जमायचंच नाही. कानात सांगायची गोष्टसुद्धा ती रस्त्यापर्यंत पोचवायची. भट्टीवर लक्ष ठेवणं तिचं काम. दर खेपेला, पाव अजून पांढराफटक असतानाच, ती एकदा तरी ओरडायची, "अहो, पाव करपतोय!" भावोजी मान वर न करता म्हणायचे, "वेळ आहे अजून." आणि खरंच वेळ असायचा. तिच्या हयातीत पाव कधी करपला नाही. हे तिच्या ओरडण्यामुळे की त्यांच्या अंदाजामुळे, यावरही दोघांचं भांडण होतं, आणि ते तिच्या आजारपणापर्यंत पुरलं.

ती गेल्यावर भट्टीही भावोजींकडेच आली. आता ते गोळे वळता वळता मधेच कमरेच्या फडक्याला हात पुसतात. हात पुसून डावीकडे वळले तर भट्टी, उजवीकडे वळले तर प्लेअर. अल्बम घेऊन आलेली माणसं माझ्या गल्ल्यापाशी उभी राहून त्यांच्या खांद्याकडे बघत असतात. डावीकडे वळले की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

त्यांचं चुकत नाही असं कोणी समजू नये. एकदा वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा अल्बम त्यांनी दुसऱ्याच गाण्याला उडवला. मास्तर म्हणाले, तुमचं पीठ आज सैल झालंय, त्याचा राग माझ्या गाण्यावर काढताय. आणि होतंच सैल. पुढच्या आठवड्यात भावोजी स्वतः वर गेले, अल्बम मागून आणला, पुन्हा लावला, आणि तो आज फळीवर आहे. कबूल करायला त्यांना वेळ लागत नाही. पण खोटं पास करणं, कोणाचं मन राखायला म्हणून, ते मात्र त्यांनी कधी केलेलं नाही.

आणि म्हणूनच, पिपाणी तिची रेकॉर्ड घेऊन आली त्या दिवशी मी आधी फळीकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

पिपाणी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची. पाळण्यात असताना इतकी रडायची की ताईनेच हे नाव ठेवलं. पुढे तोच गळा गायला लागला. या बेकरीत, त्या टेबलाखाली बसून, फळीवरचा एकेक अल्बम ऐकत मोठी झालेली पोर. ती आता दुसऱ्या शहरात असते. दोन मित्रांबरोबर खपून तिने पहिला अल्बम केला होता. छापायला देण्याआधीची एकच नमुन्याची रेकॉर्ड तिच्या हातात होती, आणि ती तिने दुसऱ्या कोणाला ऐकवण्याआधी इथे आणली. बाबांनी पिठात हात घालेपर्यंत थांबली आणि मग स्वतः सुई ठेवली. तिला ती फळी हवी होती. लहानपणापासून तिला दुसरं काही हवंच नव्हतं.

पहिली बाजू अशी गेली की मी दोन गिऱ्हाइकांना चुकीचा पाव दिला. भावोजी वळत होते आणि त्यांची मान हलत होती. मी बाजू पालटली. दुसऱ्या बाजूवरचं दुसरं गाणं आईचं होतं. दारात दिवा घेऊन उभी असलेली, मंद हसणारी, मऊ आवाजाची, सगळं मुकाट्याने सोसणारी आई. मला तर पहिल्याच ओळीला हुंदका आला. गल्ल्यापाशी पावासाठी थांबलेली शेजारची नर्सबाईही डोळे पुसायला लागली.

भावोजींनी हात पुसले. आणि ते उजवीकडे वळले.

त्यांनी सुई उचलली. माझाच भडका उडाला. "अहो, तिच्या आईचं गाणं आहे ते! काळीज आहे की दगड?"

"चाल चांगली आहे," ते म्हणाले. "आवाजही लागलाय. पण पोरी, ही बाई कोण?"

"म्हणजे?"

"ही हळू बोलणारी. ही आपल्या घरात कधी राहिली होती?"

"बाबा, ज्यांनी ज्यांनी हे ऐकलं ते रडले."

"रडू मलाही आलं. पण ते ती गेली म्हणून आलं. गाण्याने नाही आणलं."

पिपाणीने रेकॉर्ड पाकिटात घातली. ती दाराशी पोचली, आणि भावोजींनी, काय म्हणावं या माणसाला, वर्षानुवर्षांच्या सवयीने मांडणीवरचा एक ताजा पाव उचलला आणि तिच्यापुढे धरला. स्वतःच्या लेकीपुढे! आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा हात मागे घ्यायची वेळ निघून गेली होती. तिने पावाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि काही न घेता निघून गेली.

त्यानंतर ती कित्येक महिने आली नाही. मीही भावोजींशी कामापुरतंच बोलत होते. ते आपले दुपारी रेकॉर्ड लावायचे, गोळे वळायचे, पण मान हलायची बंद झाली होती. मधूनच हात धुवून तिला फोन करायचे. "जेवलीस का?" एवढंच विचारायचे. तिकडून "हो" आलं की संपलं. फोन खिशात टाकून परत टेबलाशी. मला राग होता, पण त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. त्यांनी नुसतं "चुकलं माझं, लाव ते गाणं" म्हटलं असतं तर पोर धावत आली असती, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मास्तरांकडे ते वर चढून गेलेच होते की. इथे चुकलंय असं त्यांना वाटत नव्हतं, म्हणून म्हणत नव्हते. एवढं नुकसान सोसून खरं बोलणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

शेवटी मीच तिच्याकडे गेले, चार गोष्टी सुनावायला. तिची खोली लहान, कागदांचा पसारा, छापायचं काम तसंच अडलेलं. मी बोलून दमले तेव्हा तिने चहा दिला आणि विचारलं, "मावशी, आई भांडायची कशी गं? मला तिचा आवाजच आठवेनासा झालाय. ते गाणं करताना तो कुठे सापडलाच नाही मला. मग मी तो मऊ करून टाकला."

मग मी सुरू झाले. शिंप्याने मशीन थांबवलं ती गोष्ट. घरमालकाला जिन्यावरून परत पाठवलं ती गोष्ट. मी ताईसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि ताईसारखी ओरडले. शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंतीवर थापा मारल्या. हसून हसून आम्हा दोघींच्या पोटात दुखायला लागलं, आणि मग पिपाणी रडली. या वेळचं रडणं वेगळं होतं.

अल्बम छापून झाला आणि ती आली. दुपारची वेळ, हात पिठात, पाव भट्टीत. तिने वडिलांना नुसतं "बाबा" म्हटलं, त्यांनी नुसतं "ये" म्हटलं. रेकॉर्ड लागली. मास्तर खाली उतरून आले होते, नर्सबाई होती, शिंपी मशीन सोडून दारात. पहिली बाजू गेली. मी पालटली.

दुसऱ्या बाजूवरचं दुसरं गाणं आलं. दिवा नव्हता, दार नव्हतं. ठेका जोरदार, आणि तोंडाळ बाईचं गाणं. ती शिंप्याशी भांडते, घरमालकाशी भांडते, मरणाला म्हणते, थांब जरा, माझी भट्टी चालू आहे. आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी, पिपाणीच्या गळ्यातून, सगळा सूर बाजूला ठेवून, थेट माझ्या बहिणीची हाक: "अहो, पाव करपतोय!"

शिंपी मोठ्याने हसला. भावोजींचे हात पिठातच थांबले. मग त्यांनी ते फडक्याला पुसले, सावकाश, एकेक बोट. आम्ही सगळे त्यांच्या खांद्याकडे बघत होतो. ते उजवीकडे वळले नाहीत. डावीकडेही वळले नाहीत. तिथेच उभे राहिले, फडकं हातात धरून, आणि त्यांच्या पिठाळलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते.

तेवढ्यात मला वास आला. भट्टीच्या दाराच्या फटीतून धूर येत होता. आणि गाण्यातली ताई तिसऱ्यांदा ओरडली त्याच क्षणी मीही गल्ल्यावरून ओरडले, "अहो, पाव करपतोय! खरंच करपतोय!"

ते हलले नाहीत.

"बाबा," पिपाणी घाबरून म्हणाली, "हात कशाला पुसलेत मग?"

"पाव काढायला."

"मग काढा ना!"

"गाणं संपू दे," ते म्हणाले.

गाणं संपलं, त्याच्या पुढची दोनही संपली. पत्र्यावर काढला तेव्हा पाव कोळशासारखा झाला होता. भावोजींनी हात धुतले, रेकॉर्ड पाकिटात घातली आणि फळीवर ठेवली. ताईच्या कारकिर्दीपासून पहिल्यांदाच आम्ही त्या दुपारी पावाशिवाय दुकान उघडं ठेवलं. पिपाणीलाही त्या दिवशी पाव मिळाला नाही.