आत्याबाई आणि शिंपला

माझ्या दुसऱ्या लग्नाची बोलणी परभणीत, ह्यांच्या चष्म्याच्या दुकानातच झाली. भिंतीवर नंबर तपासायचा तक्ता, आणि समोरासमोर आम्ही दोघं, चाळिशी ओलांडलेली माणसं. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे. हॉलची अर्धी भिंत तिनंच खाल्लीय. तेवढी काढा म्हणू नका."

मग मी माझी अट सांगितली. माझे पहिले पती वारल्यापासून त्यांची आई, माझ्या आत्याबाई, माझ्याजवळच राहत होत्या. म्हटलं, "त्या माझ्यासोबत येतील."

ते हळूच म्हणाले, "त्यांना मासे चालतात ना? म्हणजे, बघायला?"

मला हसू आलं. माझं तिथंच ठरलं.

लग्न कर म्हणून माझ्या मागे लागल्या होत्या त्या आत्याबाईच. पण त्या घराचा उंबरा ओलांडताना त्या घुटमळल्या. वालूरला शेतात, वाड्या-वस्तीत जन्म गेलेल्या बाईला हे घर कोणाचं म्हणावं ते कळेना. लेकाचं नव्हे, लेकीचंही नव्हे. हे दुकानातून आले की त्या पदर सावरून मागच्या खोलीत जायच्या. ताटही तिकडंच. एकमेकांना काय म्हणून हाक मारायची हे दोघांनाही उमगत नव्हतं, म्हणून दोघंही माझ्यामार्फत बोलायचे. "त्यांना विचार, चहा घेतील का?" आणि त्या दारापलीकडंच उभ्या.

टाकीत समुद्रातले खडक होते आणि दोन क्लाउनफिश. केशरी अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढी जोडी. परभणीच्या उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून एक यंत्र दिवसभर घुमायचं. रविवारी हे ड्रममध्ये मोजून मीठ कालवत बसायचे. आत्याबाई तिथून जाताना चाल मंद करायच्या, पण थांबायच्या नाहीत.

मग पुण्याच्या व्यापाऱ्याकडून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलच्या पेटीत एक शिंपला आला. महाकाय शिंपल्याच्या जातीचा, पण अजून तळहाताएवढाच. दोन दिवसांनी तो उघडला, आणि आतून निळ्या मखमलीसारखी ओठाची झालर बाहेर आली. आत्याबाई थबकल्या. मला म्हणाल्या, "ह्ये काय खातंय?"

उत्तर ह्यांनीच दिलं. "उजेड. त्याच्या अंगात बारीक शेवाळ असतं. ते उजेडावर अन्न करतं आणि ह्याला देतं."

"म्हंजी पिकावानी."

"हो. आणि हा समुद्रातून उपसलेला नाही, शेतीत वाढवलेला आहे. शिंपल्यांची शेती करतात तिकडं."

आत्याबाई पहिल्यांदा सोफ्याच्या कडेवर टेकल्या. "शेती? आन् नांगरतेत कशानं?"

हे इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पण पुढं वेगळंच झालं. क्लाउनफिश समुद्रात एका फुलासारख्या, मऊ बोटांच्या जिवात घर करतात. आमच्या टाकीत तसं काही नव्हतं. त्यांना शिंपल्याची ती मऊ झालर सापडली. दोघंही दिवसभर तिच्यात अंग घासायला लागले, आणि प्रत्येक धक्क्याला शिंपला मिटायचा. मिटला की उजेड नाही, उजेड नाही की अन्न नाही. ह्यांनी भोवती प्लास्टिकची जाळी लावून बघितली. मासे तिच्यातूनही घुसले. हे दुपारी दुकान सोडून घरी यायचे आणि टाकीसमोर बसायचे.

एक दिवस मी पोळ्या करत होते आणि ह्यांचं ताट वाढलेलं तसंच राहिलं. "एकतर मासे कुणाला तरी देऊन टाकायचे, नाहीतर हा जाणार," ते म्हणाले. ते मासे त्यांच्या एकटेपणाच्या सगळ्या वर्षांचे सोबती होते.

आत्याबाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या. "आरं बाबा, आधी जेवून तर घे."

आम्ही दोघांनीही वर बघितलं. त्या मात्र टाकीकडं बघत होत्या. "लेकरू पदर सोडीना झालं की त्याला दुसरं कायतरी धरायला द्यावं लागतंय," म्हणाल्या, आणि आत जाऊन एक सुगड घेऊन आल्या. संक्रांतीला माझ्या ववशासाठी त्यांनी स्वतः बाजारातून सुगडं आणली होती. पहिल्या नवऱ्याची आई सुनेच्या नव्या संसाराची सुगडं आणते, म्हणून गल्लीत कुजबुज झाली होती. त्यांनी कानावर घेतली नव्हती.

ह्यांनी ते मातीचं बोळकं हातात फिरवून बघितलं. "रंग नाही, काही नाही. चालेल की! आई, ठेवू मी हे पाण्यात?"

आई म्हणाले. तव्यावरची पोळी माझ्याकडून जळली.

ह्यांनी सुगड उकळून घेतलं, भिजवलं आणि शिंपल्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला आडवं ठेवलं. आधी मासे बिचकले. मग मोठी, म्हणजे मादी, तोंड घालून बघू लागली. एका सकाळी ती आत शिरून शेपटीनं वाळू झाडत होती आणि नर दारात उभा होता. शिंपला दोन-तीन दिवस किलकिला राहिला, आणि मग पुरता उघडला. आत्याबाईंनी त्या दिवशी आपलं ताट हॉलमध्ये आणलं.

पुढं सुगडाच्या आत केशरी अंडी दिसली. नर दिवसभर त्यांना पंखांनी वारा घालायचा. "बाप्या राखायलाय," आत्याबाई शेजारणींना दाखवायच्या, "आन् बाई खुशाल हिंडायलीय!"

यंदा उन्हं तापली तेव्हा वालूरहून माझे धाकटे दीर आले, आईला न्यायला. ते काही वाईट नाहीत; गावात ऐकून ऐकून कंटाळले होते. "आई, लोक काय म्हणायलेत तुला ठावं हाय का? परक्याच्या घरी किती दिवस ऱ्हायचं?"

आत्याबाई कैऱ्या चिरत होत्या. हात थांबला नाही. "परकं कोण हाय इथं? ही शिकवाया जाती मानवतला शाळंत, ह्यो जातो दुकानात. दुपारी लाईट गेली तर त्या जिवायला कोण बघंल? मीच फोन लावते ह्याला. मी न्हाई येत. तू मातर आमरस खाऊन जा."

हे दारातच उभे होते. पिशवी घेतली आणि आंबे आणायला गेले. दीर पोटभर जेवले, सुगडातली जोडी बघून घेतली आणि संध्याकाळच्या बसनं एकटेच वालूरला परतले.