मथुराबाईनं जावयाचे मासे अडवले

…अगं नुसतं ‘कोळीण’ लिहून थांबू नकोस, निशा. कोळणी काय कमी हायत? मथुराबाई येकच. लिही, विश्रांतवाडीच्या नाक्यावर माझ्या शेजारी बसायची. माझी मेथी-कोथिंबीर, तिची पाटी. भांडण रोजचं. ‘सुंदरे, तुझ्या शिंतोड्यानं माझा बर्फ विरघळला,’ म्हणायची. मी म्हणायचे, ‘आधी तुझी मांजरं आवर, भवाने.’ आणि दुपारी दोघींचा हात येकाच डब्यात.

तिचं माहेर रत्नागिरीकडं, खाडीच्या तोंडाशी. नवरा खडकीला कारखान्यात लागला म्हणून हिकडं आली. तो लवकर गेला, ही राहिली. माहेरी भाऊ संपत. त्याची होडी. सुका जवळा, बोंबील तोच धाडायचा यष्टीनं. तिच्या घरची चूल त्या होडीवर, असं समज.

तवाचे दिवस लोडशेडिंगचे. कॉम्प्युटरवाल्यांच्या काचेच्या बिल्डिंगा झगमगायच्या आणि आपल्याकडं दिवेलागणीलाच अंधार. तुझा साईकाका दहावीला, मेणबत्तीनं केस जाळून घेतले त्यानं. म्हणून कुणी म्हणलं, कोकणात डोंगरावर पवनचक्क्या व्हणार, धूर न्हाय, राख न्हाय, तर मला बरंच वाटलं. मथुराबाईलाबी वाटलं. ‘फिरूं दे की चक्की. वारा काय माझ्या बापाचा हाय?’ म्हणली.

त्या कामावरचे मोठे साहेब आपल्याच मागच्या सोसायटीतले. श्यामसुंदर कर्णिक. कंपनीचं हापिस कर्वेनगरला. दर रविवारी मथुराबाईकडून सुरमई न्यायचे. बोलायला येकदम गोड. ‘मावशी, तुमच्या हाताला चव आहे हो,’ म्हणायचे. अरे, चव तुझ्या बायकोच्या हाताला, ही तर कच्चा मासा कापून देती! पण ही खूश.

येक दिवस संपतचा फोन आला शेजारच्या बूथवर. रडत व्हता. खाडीच्या तोंडात कंपनी दगडांचा भराव टाकाया लागली. चक्कीची मोठमोठी पाती बोटीनं आणायची, त्यासाठी धक्का. अर्धं तोंड बुजलं व्हतं. दोन म्हैन्यांत सगळं बुजणार. मंग होडी न्यायची कुठनं? आणि आत तिवराच्या झाडांच्या मुळात कोळंबीची पिल्लं वाढतात, त्यांना भरतीचं पाणीच न्हाय मिळालं तर मासा राहील का खाडीत?

संपत तालुक्याच्या कचेरीत गेला, तर तिथल्यांनी त्यालाच कंपनीचा कागद दाखवला. ‘या खाडीत मासेमारी बंद आहे.’

आता हे कुठनं आलं? तर आदल्या वर्षी आषाढात कर्णिकसाहेब तिथं जाऊन आले व्हते. आषाढात कोळी समुद्रात जात न्हाय. समुद्र खवळलेला, आणि मासा पोटुशी असतो. नारळी पुनवेला नारळ वाहिल्याबिगर होडी पाण्यात घालत न्हायत. होड्या काठावर उपड्या, वर झावळ्या. साहेबांनी इचारलं, ‘मासेमारी?’ संपतनं सांगितलं, ‘बंद हाय सध्या.’ वर चहा पाजला. का, तर साहेब म्हणले, ‘तुमची बहीण आमची मावशी.’ चहा पिऊन आले आणि ‘सध्या’ तिथंच टाकून आले.

रविवारी साहेब आले तशी मथुराबाईनं इचारलं, नीट, हात जोडून. ते म्हणले, ‘मावशी, रिपोर्ट वरपर्यंत गेलाय. एका शब्दासाठी एवढं काम थांबवायचं का? देशाला वीज नको? बरं, सुरमईचे तुकडे जरा जाड करा.’

तिनं केले. जाडच केले. ते गेल्यावर मला म्हणली, ‘सुंदरे, याचा काटा मी याच्याच घशात अडकवीन.’

मी म्हणलं, ‘शिळा घाल त्याला.’

‘थू! शिळा मासा घातला तर नाव माझंच जाईल. थांब तू.’

दिवाळी आली. कर्णिकांच्या पोरीचा पहिला दिवाळसण. जावई आलेला, त्याचे आईबापबी आलेले. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी माशांचा बेत. सकाळी साहेब कडक इस्त्रीत, दोन पिशव्या घेऊन हजर.

‘मावशी, आज पापलेट मोठी बघून द्या.’

मथुराबाई पाटीवर पाणी मारत म्हणली, ‘बंद हाय.’

‘काय बंद?’

‘मासेमारी.’

‘अहो, समोर एवढी पापलेटं पडलीयेत!’

‘दिसली व्हय? मंग तिथं होड्या न्हाय दिसल्या?’

साहेबांचं तोंड बघायला पायजे व्हतं गं! मला म्हणले, ‘ताई, तुम्ही तरी सांगा यांना. आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या द्या.’ मी म्हणलं, ‘कोथिंबीरबी बंद हाय.’ पलीकडचा लिंबूवाला शंभू, त्याला काय झालंय ठाऊकबी न्हाय, तोबी म्हणला, ‘बंद!’

ते रिक्षा करून गणेश पेठेच्या मासळी बाजारात गेले. पण तिथनंच तर मथुराबाई रोज पहाटे ताजा माल उचलायची. सगळ्या तिच्या मैत्रिणी, कालच निरोप गेलेला. तिथंबी येकेक बाई म्हणली, बंद. शेवटी जावयाला बटाट्याची भाजी वाढली. विहीण म्हणली म्हणे, ‘असू दे हो, आम्हाला साधंच आवडतं.’ मथुराबाईला हे त्यांच्या मोलकरणीनं सांगितलं, तर दिवसभर एकटीच हसत व्हती. मीबी हसले. खोटं कशाला बोलू, जिलबी आणून खाल्ली आम्ही.

असे चार रविवार गेले. बायकोनं घरी डोकं खाल्लं, सोसायटीत गोष्ट झाली. वॉचमनसुदीक गेट उघडताना म्हणायचा, ‘साहेब, आज चालू का बंद?’ शेवटी साहेब आले, उभ्यानंच बोलले.

‘काय हवंय तुम्हाला?’

‘होडीला वाट. चक्की ऱ्हाऊं दे तुझी.’

अरे-तुरे करत व्हती त्यांना. आणि ते ऐकून घेत व्हते.

त्यांनी नवा कागद लिहिला. भराव तिथंच थांबला, फुडचा धक्का खांबांवर बांधला, खालनं पाणी जातं. पाती आली, चक्क्या फिरल्या, आपल्याकडंबी लाइट सुधारली. पण आधी टाकलेले दगड कुणी उचलले न्हायत. त्या अंगाची तिवरं वाळून काळी पडली. संपतची होडी अर्ध्या वाटेनं जाते, ओहोटीला अडकते.

म्हणून मथुराबाईनं पुरतं सोडलं न्हाय त्यांना. मासा द्यायला लागली, पण अख्खा. खवले काढून न्हाय, कापून न्हाय. शेजारच्या गिऱ्हाइकाला तुकडे करून देणार आणि यांच्या पिशवीत शेपटीसकट कोंबणार. आता ती माहेरी गेली, पाटीवर तिची सून भाग्यश्री बसती. सासूनं जाताना तिला बजावलंय, कर्णिकांना अख्खाच.

काल त्यांची बायको आली व्हती माझ्याकडं. साहेबांचे हात आता थरथरतात, सुरी धरवत न्हाय, ताई तुम्ही भाग्यश्रीला सांगा. मला वाईट वाटलं, न्हाय असं न्हाय. पण ते तिवरांचे काळे खुंट आठवले.

तर तू क्लासला त्यांच्या गेटवरनंच जातीस. वर जा, चपला काढ, नमस्कार कर आणि साहेबांना माझा निरोप दे: कंपनीत अजून तुमची ओळख हाय, तवा येवढे दगड उचलायला लावा. उचलले की भाग्यश्री खवले काढून, तुकडे करून घरी आणून देईल. तवर अख्खाच.