समतेची दवंडी

सलोखा, संवाद, समेट असले शब्द छापलेली निमंत्रणपत्रिका आली की मी ती खिशात घालतो आणि सभेच्या दिवशी घरीच बसतो. या विषयात माझा अधिकार मोठा आहे. एक संवाद मी स्वतः घडवून आणला होता. त्यात पुढे सगळ्यात शहाणपणाने वागली ती एक मेलेली म्हैस.

पोशीर नदीच्या पलीकडे एका गावात मी नवा मास्तर म्हणून लागलो होतो. धर्मांतराला पाच-सहा वर्षं झाली होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या लोकांनी बुद्धाची तसबीर लावली आणि गावकीची दोन कामं सोडली: दवंडी देणं आणि मेलेली गुरं ओढणं. गावाने चार वर्षं दात-ओठ खाल्ले आणि पाचव्या वर्षी बदला घेतला. वस्तीत कुणाकडेच बैल नव्हते. चिखलणीसाठी ते गावातून भाड्याने यायचे. त्या पावसाळ्यात गावाने बैल द्यायचे बंद केले. भाताचं रोप तयार झालं की पंधरा दिवसांत लागलं पाहिजे, नाहीतर वर्षाचं धान्य गेलं. वस्तीच्या कडेला एका म्हाताऱ्याचं बारा गुंठ्यांचं खाचर होतं. त्याचं रोप शेंड्याला पिवळं पडू लागलं होतं.

हे सगळं मला शाळेच्या ओट्यावरून दिसत होतं, आणि नुकतंच मी आठवडाभराचं एक शिबिर करून आलो होतो. तिथे आम्हाला शिकवलं होतं की दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं की निम्मं काम होतं. शिकवणाऱ्या गृहस्थांना मच्छरदाणी लागत असे आणि दुपारी झोप. मी तो मंत्र घेऊन पाटलाकडे गेलो.

"घ्या की सभा, गुरुजी," पाटील सुपारी कातरत म्हणाला. "आमी कुटं बोलाय नाय म्हंतोय?"

इतकं सहज जमलं म्हणून मी हुरळलो. तिथून थेट म्हाताऱ्याच्या घरी गेलो. त्यांच्या घरचा चहा प्यायलो. असा प्यायलो की वस्तीतल्या चार जणांनी पाहावं, आणि पाहिलं की नाही याचीही खात्री करून घेतली. मग कप खाली ठेवून म्हणालो, "बाबा, उद्या सकाळी शाळेत सभा आहे. सगळे समान, या विषयावर. तेवढी गावात दवंडी द्या."

चुलीपुढे बसलेल्या म्हातारीने फुंकणी खाली ठेवली.

खरं सांगतो, मला काहीच कळलं नाही. लहानपणापासून दवंडी म्हटलं की वस्तीतला माणूस, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की समतेची सभा भरवायलासुद्धा मला दुसरं कुणी सुचलं नाही.

"गुरुजी," म्हातारा हळूच म्हणाला, "गावात येवडी तोंडं हायेत. माजंच कशाला?"

आता तरी गप्प बसावं! पण मी म्हणालो, "तुमचा आवाज चांगला आहे."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "आयकलंत का? आवाज चांगला हाय म्हनं! मंग गुरुजी, तुमचा काय फाटलाय व्हय?" ती उठली, कोपऱ्यातला रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी आणून तिने माझ्यापुढे ठेवली. "घ्या. ढोलकं तर आमी कवाच चावडीवर नेऊन टाकलं."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. भर पावसात इरलं पांघरून, डबा बडवत मी गावभर फिरलो. "ऐका हो ऐका, उद्या सकाळी शाळेत सभा!" माणसं दारात येऊन उभी राहिली. बायका खिदळत होत्या. पाटलाने ओटीवरून हाळी दिली, "गुरुजी, बलुत्याचं धान कवा न्यायला येताय?" सबंध आळी हसली. मीसुद्धा हसलो. भेकड माणूस दुसरं काय करणार?

सभेला शाळा भरली. संवादासाठी कुणी आलं नव्हतं. लोक आले होते डबा बडवणारा मास्तर जवळून पाहायला. पाटील माझ्या खुर्चीवर बसला. वस्तीची माणसं दारापाशी बसली, आणि त्यांना पुढे या म्हणायचं मला भाषण संपेपर्यंत आठवलं नाही. भाषण समानतेवर होतं आणि लांबलं होतं.

मग म्हातारा उभा राहिला. "रोप पिवळं पडतंय. दोन दिस बैल द्या. भाडं देतो." एवढं बोलून तो बसला.

"देतो की," पाटील म्हणाला. "माजी म्हैस मेलीय काल. गोठ्यामागं पडलीय. तेवडी वढून टाका, लगेच बैल घेऊन जा."

आणि मी, तो शिबिरातला पंडित, आनंदाने टाळी वाजवली! "वा! झाला की समेट! दोघांनी एकेक पाऊल पुढे टाकलं!"

टाळी एकट्याचीच वाजली. म्हाताऱ्याने मान खाली घातली. म्हातारी मात्र उठून उभी राहिली.

"गुरुजी, दवंडी तुमी दिलीत. आता म्हैस पन तुमीच वढा." नवऱ्याच्या दंडाला धरून ती निघाली, आणि तिच्यामागे सगळी वस्ती उठून गेली. पाटील माझ्या खुर्चीत तसाच रेलून म्हणाला, "जाऊ द्या वो. रोप काय थांबतंय व्हय कुनासाठी? येतील."

कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्ती कुदळी घेऊन म्हाताऱ्याच्या खाचरात उतरली. ढेकळं फोडायची आणि माणसांनी ओळीने उभं राहून पायांनी चिखल तुडवायचा, असं बैलांचं काम चाललं होतं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी धोतर खोचून बांधावर गेलो.

"तोंड तर बगितलं," म्हातारी म्हणाली, "आता पाय बगू." तिने मला ओळीत घातलं. पहिल्या दहा पावलांत मी दोनदा पडलो.

तोपर्यंत म्हैस बोलायला लागली होती. वारा फिरला की पाटलाच्या ओटीवर माणूस ठरत नव्हता. त्या दुपारी पाटलाचे दोन्ही लेक तोंडाला फडकी बांधून तिला ओढत निघाले, आणि वाट आमच्याच बांधावरून होती. दोर त्यांनी मानेला बांधला होता. चार हात ओढलं की म्हैस आडवी होऊन अडायची. पाटील मागून शिव्या देत होता.

म्हातारा चिखल तुडवायचा थांबला. मग ओरडला, "मानेला नको रं! मागच्या पायांस्नी बांद!"

पोरांनी बापाकडे पाहिलं. बाप आभाळाकडे बघत होता. त्यांनी दोर सोडून मागच्या पायांना बांधला. म्हैस सरळ गेली.

दोन्ही बाजूंत त्या वर्षी एवढाच संवाद झाला, आणि मला त्यात काही करावं लागलं नाही. बैल पाटलाने दिलेच नाहीत.

रोप लागलं, उशिरा. चिखल तुडवून दमलो तेव्हा म्हातारीने मला शेवटच्या दोन ओळी लावायला दिल्या. त्या नागमोडी गेल्या. मी उपटून पुन्हा लावू का म्हणालो, तर नको म्हणाली. भात कापेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बांधावरून बोट करून दाखवायची, "त्या दोन वाकड्या वळी गुरुजींच्या. बाकीचं आमचं."